हात न लावता

टाकीतलं विरजण मरायला टेकलं होतं आणि नुरजामालला ते काचेबाहेरून नुसतं बघावं लागत होतं. घोडीच्या दुधातले गुणकारी जिवाणू वाढवून किर्गिझस्तानातल्या नारिन गावचा हा कारखाना त्यांची पूड करायचा. आज टाकी एकटा संगणक सांभाळणार, माणसाचा हात लागला तर संगणक मोडीत, अशी पैज व्यवस्थापक एशिमकुलशी तिनंच मारली होती. त्या संगणकाला शिकवताना तिनं जिवाचं रान केलं होतं.

तळाची आम्लता चढतच होती. संगणक शहाण्यासारखा वरून आम्लता मारणारं क्षाराचं पाणी ओतत होता आणि ते वरच राहत होतं. ढवळणी इतकी मंद का ठेवली यानं? आजवर एवढ्यावरच भागत होतं म्हणून?

"तोक्तोसुन आके, आत गेलात की तुम्ही आधी काय करता?"

"काय म्हणजे? दाराजवळचं बटण दाबून टाकी घुसळतो," टाकीवर काम करणारा म्हातारा म्हणाला; त्याला सगळे मानानं आके, म्हणजे थोरला दादा, म्हणत. "कुरणावर कुणाच्या तंबूत शिरलं की कुमिसचं आंबवलेलं दूध घुसळूनच बसतो ना आपण? न घुसळता बसायला मी काय परका आहे?"

"आणि बाकीचे?"

"चहावाली बुरुल घुसळते, ड्रायव्हर घुसळतो. तू नाही घुसळत?"

रोज सकाळी तीही घुसळायची, बोलता बोलता. ते जुनं बटण संगणकाला जोडलेलंच नव्हतं. सगळ्यांची मेहनत त्या बिचाऱ्या संगणकानं स्वतःच्या खात्यावर धरली होती आणि आपली मंद ढवळणी पुरते असंच तो शिकला होता.

"आके, जा, दाबा!"

"मी नाही जायचा, पोरी. तुझ्या यंत्राला पहिल्यापासून नावं ठेवली मी. उद्या म्हणतील, म्हाताऱ्यानं डाव साधला."

खोटं नव्हतं ते. पैजेसाठी दाराला लावलेलं सील तिनंच फाडलं आणि बटण दाबून धरलं. मोटर गुरगुरली, टाकी हादरली. हळूहळू आम्लतेची रेघ खाली वळली.

सील तुटल्याचा इशारा मिळताच एशिमकुलचा फोन आला. "सील कुणी तोडलं? तो म्हातारा ना? त्याचं नाव सांग, त्याला घरी बसवतो आणि चाचणी पुन्हा लावतो. तू असशील तर मात्र संगणक आजच उतरव."

आके काचेपलीकडून बघत होते. एक नाव घेतलं की काम होत होतं, आणि ते नाव तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मी तोडलं, एशिमकुल मिर्झा."

फोन बंद झाला. संगणकाची तार तिनं स्वतःच उपसली. मग मात्र तिला रडू आवरेना.