सात पायांची म्हैस

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आमच्या पुण्याच्या कॉलेजात ई-पोर्टफोलिओ करावा लागतो. म्हणजे वर्षभराचं काम इंटरनेटवर आपापल्या पानावर चढवायचं आणि त्यातून काय शिकलो ते खाली लिहायचं. मी माझ्या निवडक म्हशी चढवल्या. कोळशाने काढलेल्या, चकाचक, एकीच्याही शिंगाला नाव ठेवायला जागा नाही.

माधवी मॅडमनी पान परत पाठवलं. "प्रेरणा, हे दुकान झालं. चुकलेली कामं कुठे आहेत? तू शिकलीस कशी, ते दिसू दे. सोमवारपर्यंत वेळ आहे. असंच राहिलं तर मी पास करणार नाही."

राग आला, आणि हसूही आलं. चुकांची तर माझ्याकडे खाण होती! गावी, टाकवे बुद्रुकला, आमच्या गोठ्याची आतली भिंत मी कॉलेजात गेल्यापासून कोळशाने भरत होते. आखूड मानेच्या म्हशी, कुत्र्याच्या तोंडाच्या म्हशी, आणि पाय जमेनात म्हणून काढतच गेलेली एक सात पायांची. लगेच घरी फोन लावला. "आई, गोठ्यातली भिंत मॅडमना दाखवायचीय. शनिवारी येऊन फोटो काढते."

शनिवारी लोकलने कान्ह्याला उतरले, जीपने घर गाठलं आणि पिशवीसकट गोठ्यात शिरले. भिंत पांढरीशुभ्र. ताज्या चुन्याचा वास. शेजारी हाताला ठिपके लागलेली आई, कौतुकाची वाट बघत.

"आई, काय केलंस हे!"

"मॅडम बघणार म्हणलीस न्हवं? मग तसलं कसं दावायचं? सात पायाची म्हैस बघून काय म्हणली असती, नंदाबाईच्या पोरीला मोजता बी येत न्हाई?"

मी रडले. चांगली हमसून रडले. फोनमध्ये त्या भिंतीचा एकही फोटो नव्हता. चुकांचे फोटो कोण काढतं?

आई घाबरली. "अगं, पुन्ना काढ की तसल्याच."

पण ठरवून केलेली चूक म्हणजे लबाडीच. ती मला करायची नव्हती, आणि नापास तर मुळीच व्हायचं नव्हतं. नवंच काही काढावं म्हणून मी कोळसा घेऊन भिंतीला भिडले. ओल्या चुन्यावर तो बसेना. चिडून नख ओढलं, तर चुन्याचा पापुद्रा निघून आला. खाली काळं होतं.

जिथे कोळसा दाट, तिथे चुन्याने भिंत धरलीच नव्हती. मी डोळे पुसले, फोन कडब्याच्या पेंढीला टेकवून व्हिडिओ सुरू केला आणि खुरपं उचललं.

"आता खरवडतीस व्हय? कालचा अख्खा दिस गेला माझा!"

"मग घे दुसरं खुरपं आणि ये."

थोडा वेळ ती घुश्शात उभी राहिली. मग आली. "हितं व्हती ती कुत्र्याच्या तोंडाची," म्हणत तिने कोपरा धरला. रेघोट्या एकमेकींवर इतक्या चढलेल्या होत्या की जुन्या म्हशी वेगळ्या निघेनात. मग मी वेगळ्या करायचा हट्ट सोडला. त्या सगळ्या काळ्यातून एकच मोठी म्हैस कोरायला घेतली. हात भरून आले, नखांत चुना गेला, पण थांबले नाही. दिवेलागणीला ती भिंतीवर उभी राहिली, दांडगी, मान वळवलेली, आणि पाय मोजून चार.

रविवारी व्हिडिओ चढवला. काय चुकलं, काय शिकले, सगळं खरं लिहिलं.

सोमवारी निघताना मॅडमचा निरोप आला: "आता दिसलीस. पास." मी ओरडतच आईकडे धावले.

"सगळं बघितलं त्यांनी?" आईने पदर सावरला. "मी चुना लावल्यालं बी?"

"व्हय. तुझ्या नावासकट. सगळ्यात वर."

आई हळूच म्हणाली, "नाव तरी नीट लिवलंस न्हवं? खाडाखोड न्हाई ना केलीस?"