खानेसुमारीचं हळदीकुंकू

आबासाहेब मेंबरांच्या बायकोनं गिरणीमागच्या गल्लीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हाच मथुराबाईच्या मनात पाल चुकचुकली. इतक्या वर्षांत त्या बंगल्याच्या फाटकातून आत जायची गल्लीतल्या एकीचीही टाप नव्हती. आणि आता, सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फाशी होऊन पंधरवडा होतोय न होतोय, तोच हेमावतीबाईंना गिरणीवाल्यांच्या बायकांचा असा पुळका यावा?

पुळका कशाचा ते उघड होतं. दहा वर्षांनी पुन्हा खानेसुमारी आली होती. सरकारला माणसं मोजायची होती आणि सोलापूरला मोजून घ्यायचं नव्हतं. म्युनिसिपालटीची माणसं दिवसा दारावर डांबराचे नंबर काढून जायची आणि सकाळी बघावं तर नंबरावर शेण फासलेलं असायचं. मग दवंडी फिरली की भिऊ नका, खरी नावं सांगा, जितकी माणसं जास्त तितके पाण्याचे नळ जास्त. लोक हसले. उन्हाळ्यात मार्शल लॉ होता तेव्हा डोक्यावर पांढरी टोपी दिसली तरी धरून नेत होते, आणि त्यांनाच आता आमच्या घशाची काळजी! शेवटी म्युनिसिपालटीचे मेंबर म्हणून आबासाहेबांनी डोकं लढवलं. पुरुष दाद देत नाहीत ना, मग बायकांना गाठा.

मथुराबाईला नळाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, तिच्या नवऱ्यात. कोंडीबा गिरणीत कामाला होता. उन्हाळ्यात पोलिसांवर दगड पडले त्या जमावात कुणीतरी त्याला पाहिलं, त्याच्या नावाचं वॉरंट निघालं आणि तो पसार झाला. आता जेऊरच्या पलीकडं माळावर, बिरप्पामामाच्या मेंढरांमागं तो हिंडत होता. हे फक्त दोघींना ठाऊक होतं, मथुराबाईला आणि तिची सासू तानाबाईला. गल्लीला एकच उत्तर होतं, "कुटं गेल्यात काय की." त्यापायी मथुराबाई कुणाच्या उंबऱ्यावर टेकत नव्हती आणि कुणाला आपल्या उंबऱ्यावर टेकू देत नव्हती. सगळ्यांत वहीम तिला शेजारच्या केराबाईचा. केराबाईचा नवरा गुंडा म्युनिसिपालटीत पट्टेवाला, दवंडीही तोच पिटत होता. केराबाई या ना त्या निमित्तानं घरात यायची, आणि आली की तिची नजर कोनाकोपऱ्यातून फिरायची.

हळदीकुंकवाचं आवतणही तिनंच आणलं.

"जायाचं," केराबाई गेल्यावर तानाबाई म्हणाली. "न्हाय गेलीस तर डोळ्यावर येशील. सवाष्न हायस, कपाळ पुढं करायचं नि गप माघारी यायचं."

"आत्या, मोजायला बोलावलंय आमाला."

"मोजू देत. मेंढरं बी आमी कवा मोजली न्हाईत, मोजली की घटत्यात. पर तू तोंड उघडू नगंस."

बंगल्याच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरली होती. हेमावतीबाई गोड बोलल्या, तिळगूळ वाटला, नळाचंही बोलून घेतलं. आणि मग हसत म्हणाल्या, "आता नाव घेतल्याशिवाय कुणाला वाण मिळायचं नाही."

बायका खुदखुदल्या. मथुराबाईनं मात्र डाव ओळखला. एरवी जीव गेला तरी बाई नवऱ्याचं नाव ओठावर आणत नाही. मोजणारा दारात येऊन घसा कोरडा करेल, तरी ती भिंतीकडं तोंड करून उभी राहील. पण उखाण्यात हसत हसत, चारचौघींत, ती ते नाव स्वतःहून सांगते. काय युक्ती काढली होती! ओसरीवर आबासाहेबांशेजारी म्युनिसिपालटीच्या शाळेतले गुरप्पा मास्तर बसले होते. खानेसुमारीच्या कामावर त्यांचीच नेमणूक होती. दार उघडं होतं आणि त्यांचा टाक कागदावरून चालला होता. आता मास्तर पोरांची गणितंही तपासत असतील, कुणी वाकून बघितलं होतं? पण भ्यालेल्या माणसाला टाक दिसला की त्यातून वॉरंटच निघताना दिसतं.

केराबाईनं तर पदर सावरून खणखणीत आवाजात घेतलं:

"गिरणीचा भोंगा वाजतो पहाटे,
गुंडाबांचं नाव घ्यायला लाज कशाची वाटे."

सगळ्या हसल्या. हेमावतीबाई करंडा घेऊन मथुराबाईपुढं आल्या. "हं, आता तुम्ही. मालकांचं नाव काय? आणि हल्ली असतात कुठं?"

दुसरा प्रश्न हेमावतीबाईंनी सहज विचारला असेल. पण मथुराबाईला त्यात सापळा दिसला. नाव सांगितलं तर लगेच ठिकाण विचारणार. नाही सांगितलं तर का नाही, ते विचारणार. केराबाई टक लावून बघत होती. आणि त्या क्षणी मथुराबाईला एकच वाट दिसली. मेलेल्या माणसाला कुणी शोधत नाही.

हेमावतीबाईंचं कुंकवाचं बोट कपाळापाशी आलं, तसं तिनं तोंड बाजूला घेतलं.

"मला लावू नगा, बाई. त्ये तिकडं निजामाच्या मोगलाईत पटकीनं गेले. मी कुनाला सांगितलं न्हवतं." आणि पदराचं टोक धरून तिनं कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं.

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय केलं ते. हेमावतीबाईंचं बोट तसंच हवेत राहिलं. सवाष्णींच्या मेळ्यात असं अभद्र कधी घडलं नव्हतं. ती उठली आणि अनवाणीच घराकडं धावत सुटली. मागं केराबाई हाका मारत होती, पण तिनं वळून पाहिलं नाही.

तानाबाई दारात बसून लोकर निवडत होती. सुनेचं पांढरं कपाळ बघून ती उभीच राहिली. मथुराबाईनं आत ओढून तिला कानात सांगितलं. म्हातारीचा हात वर गेला. तो आता थोबाडीत बसणार म्हणून मथुराबाईनं डोळे मिटले. पण म्हातारीनं वरवंटा उचलला.

"हात म्होरं कर," ती पुटपुटली. "आता केलंयस तर पुरतं कर. रड. मोठ्यानं रड."

बांगड्या फुटल्या आणि म्हातारीनं हंबरडा फोडला. जित्याजागत्या लेकासाठी आई छाती बडवून रडत होती, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं. इतके महिने घशात कोंडून ठेवलेलं सगळं त्या निमित्तानं बाहेर पडलं. गल्ली गोळा झाली. बायकांनी मथुराबाईला पोटाशी धरलं. पोटाशी धरणाऱ्या प्रत्येकीच्या मिठीत ती ताठ होऊन बसली होती, ही खरंच रडतेय की बघतेय, एवढंच तिच्या मनात. केराबाई रोज भाकरी-पिठलं आणून ठेवायची. तेही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही ध्यानात आली नाही. तुला आम्ही मारलंय, असा निरोप कोंडीबाला धाडायला हवा होता. आणि ध्यानात आलं असतं तरी धाडायचा कुणाबरोबर? विश्वास कुणावरच नव्हता. बिरप्पामामा घोंगड्या विकायला सोलापूरच्या बाजारात आला, तेव्हा त्याला एवढंच समजलं की तानाबाईच्या घरात मयत झालंय. पोलिसांच्या धाकानं तो गल्लीत शिरला नाही, तसाच परत फिरला. कोंडीबानं ऐकलं आणि हिशेब केला. बायको तरणीताठी, मग जाणार कोण? आईच. तो तिचा एकुलता एक लेक. त्यानं माळावरच डोकं आणि मिशा भादरून घेतल्या, आणि निदान दहाव्याला तरी पोचावं म्हणून जेऊरला गाडीत बसला.

त्याच सकाळी गुरप्पा मास्तर माणसं कागदावर मांडायला गल्लीत आले होते. नंबर पुसले जातात म्हणून सोबत पोलीस शिपाई दिला होता, बाहेरगावचा, उग्र चेहऱ्याचा. मास्तर तानाबाईच्या ओट्यावर बसले. बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या. तानाबाईनं खाली मान घालून सांगितलं, "मी रांडमुंड, सून बी रांडमुंड. पुरुस मानूस न्हाय घरात."

आणि गल्लीच्या तोंडाशी कोंडीबा दिसला.

भादरलेलं डोकं, उन्हानं करपलेलं तोंड, खांद्यावर घोंगडं. तरी गल्लीतल्या एकूण एक माणसानं त्याला ओळखलं. तो झपाझप ओट्यापर्यंत आला आणि ज्या आईसाठी डोकं भादरलं ती समोर बसलेली बघून खिळून राहिला. मग त्याची नजर बायकोच्या कपाळावर गेली. त्याचं तोंड उघडलं. मथुराबाईला वाटलं, संपलं आता. आत्ता हा "आय" म्हणणार.

तेवढ्यात केराबाई मधे झेपावली आणि तिनं त्याचं घोंगडंच धरलं.

"आलास व्हय रं बाबा? बहिनीचं कुकू पुसलं, बांगड्या फुटल्या, नि आता भावाला पाझर फुटला? आरं, आदी कुटं गेला हुतास?"

शिपाई पुढं आला. "भाऊ? आणि डोकं का भादरलंय यानं?"

"त्याची बी आय गेली की ह्याच म्हैन्यात," केराबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली. "किती इस्कोट व्हावा एकाद्याचा."

शिपायानं एकेका दाराकडं बघितलं. कुठल्याच दारातून शब्द आला नाही. मग तो मथुराबाईकडं वळला. "कोण गं हा तुझा?"

ज्याचं नाव ती जन्मात ओठावर आणणार नव्हती, त्याला काय म्हणायचं होतं ते तिला कळलं. कुंकू पुसताना वाटलं होतं, याहून वाईट काही नसेल. कोंडीबानं मान खाली घातली होती.

"दादा हाय माजा," ती म्हणाली.

"मुक्कामाला आहे का? असेल तर मांडायला लागेल," मास्तर म्हणाले.

"न्हाय जी, बहिनीला म्हायेरी न्यायला आलाय," केराबाईनं परस्पर सांगून टाकलं. मास्तरांनी वर न बघता टाक दौतीत बुडवला. त्यांनी ओळखलं की नाही, ते कधीच कुणाला कळलं नाही. शिपायाला घेऊन ते पुढच्या घराकडं गेले.

घर रिकामं दिसू नये म्हणून तानाबाई मागं राहिली. मथुराबाईनं दोन लुगडी गाठोड्यात बांधली. बाहेर आली तेव्हा केराबाई ओट्याशी उभी होती. इतके महिने जिच्या हातचं पाणी घ्यायला मन धजलं नव्हतं, तिच्यापुढं मथुराबाईला तोंड वर करवेना. शरमेनं तिला रडू फुटलं.

"केराबाई, मी तुमचा लई वहीम घेतला."

"ठावं हाय की. मी बी तुजा घेत हुते," केराबाई हळूच म्हणाली. "सारकी यायची ती कशापायी? आमचे बी त्या दिवशी तितंच हुते, तुज्या मालकाच्या खांद्याला खांदा लावून. दगड त्यांनी बी मारलाय. मला वाटायचं तुला ठावं आसंल, नि कुनी दरडावलं की तू त्यांचं नाव सांगून मोकळी व्हशील. झोप न्हाय लागली मला तुज्यामुळं."

मथुराबाई काही बोलणार, तोच केराबाईनं तिला पुढं लोटलं. शिपाई पलीकडच्या ओट्यावरून मान वळवून बघत होता.

"जा आता. आन् हसू नगंस वाटंनं, भावासंगं निगालीयास."

कोंडीबा पुढं चालू लागला. मथुराबाई पदर ओढून, विधवेनं चालावं तशी, खाली मान घालून नवऱ्यामागून स्टेशनाकडं निघाली.