एकशे पंचेचाळीस ते एकशे साठ

बा गेल्यावर सतराव्या दिवशी शामकाका वणीहून आमच्या तांड्यावर आले. महागावपर्यंत एसटीने आणि तिथून कुणाच्या तरी मोटारसायकलवर. ते आणि बा कोळशाच्या खाणीत, बत्तीघरात एकत्र नोकरीला होते. ओसरीत बसून त्यांनी पाणी घेतलं, याडीकडे, म्हणजे माझ्या आईकडे, बघून हात जोडले आणि मला विचारलं, "रंजिता, चंद्रावालं पुस्तक कोनापाशी हाय आता?"

मला माहीत नव्हतं. ते पुस्तक मी सोळाव्या वर्षी वाचलं होतं. बाला ते वणीच्या बाजारात रद्दीवाल्याकडे मिळालं, मुखपृष्ठ नसलेलं, त्यामुळे त्याचं नाव आणि लेखक आम्हाला कधीच कळले नाहीत. शनीच्या एका चंद्रावर माणसं जमिनीखाली राहतात आणि त्याहून खोल उतरून बर्फ कापतात, अशी ती कादंबरी. खाणीतल्या लोकांनी ती वाचून वाचून मऊ केली होती. "अबे, चंद्रावर बी ओव्हरटाईम देतेत का?" असं कुणीतरी विचारायचं, आणि बा गंभीरपणे सांगायचा, "पान सत्त्याऐंशी पाह्य." पुस्तक एका माणसाकडे एका अमावस्येहून जास्त थांबू द्यायचं नाही, हा त्याचा नेम. त्याला तो लदेणी म्हणायचा. आमचे पूर्वज बैलांवर दुसऱ्याचं मीठ लादून गावोगाव न्यायचे, तशी.

त्या पुस्तकात एक फर्माच, म्हणजे एकत्र शिवलेल्या सोळा पानांचा गठ्ठाच, नव्हता. एकशे चव्वेचाळीसच्या पुढे थेट एकशे एकसष्ट. एकशे चव्वेचाळीसवर सोम नावाचा तरुण खाली उतरायला घाईघाईने निघालेला असतो. एकशे एकसष्टपासून शेवटपर्यंत त्याचं नाव पुन्हा येत नाही. पाळी सुटल्यावर लोक त्यावरून भांडायचे. कुणी म्हणायचं, पळून गेला. कुणी म्हणायचं, लेखकच विसरला.

"लखन गेल्यावर पुढच्या साली तुह्या बानं ती सोळा पानं स्वतः लिवली," शामकाका म्हणाले. "कागद शिवले मंधात. तुले नाही सांगतलं?"

"नाही."

"बोलला नाही तो कोनापाशी. पन तिथं सारं लिवलं त्यानं. मी वाचलं हाय." मग त्यांनी याडीकडे पाहिलं आणि पुढचं सांगितलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, की शेवटचं ऐकलं तेव्हा पुस्तक झरी जामणीकडे घनश्याम नावाच्या फॉरेस्ट गार्डकडे होतं.

लखन माझा धाकटा भाऊ. अकरा वर्षांपूर्वी खाणीत छत कोसळून तो गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता, नोकरीला लागून आठ महिने झालेले. मी तेव्हा अमरावतीला बीएड करत होते. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, आणि याडीने बाशी बोलणं सोडलं होतं. महिनाभरात ती तांड्यावर निघून आली. चार वर्षांपूर्वी बा निवृत्त होऊन आल्यावर ती त्याला वेळेवर ताट वाढायची, औषध द्यायची, शेवटच्या सहा महिन्यांत त्याला उठवून बसवायची, पण एक शब्द बोलायची नाही. त्यावरून मी माझा अर्थ लावला होता. लखनच्या अंगात त्या दिवशी ताप होता, हे मला शेजारच्यांनी सांगितलं होतं. बाने त्याला तापात कामावर धाडलं, असं मी धरून चालले. मी बाला कधी विचारलं नाही. त्याच्याशी बोलायचे, पण हवापाण्याचं.

दुसऱ्या रविवारी मी झरीकडे गेले. घनश्याम जाधव पन्नाशीचे, सागाच्या रोपवाटिकेजवळ सरकारी क्वार्टरमध्ये एकटे राहणारे. पुस्तक त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. आतल्या कव्हरवर वाचणाऱ्यांची नावं आणि गावं, चव्वेचाळीस जण. पहिलं नाव पूनमसिंग राठोड, बाच्या उभ्या, टोकदार अक्षरात.

मी मधली पानं उघडली. अक्षर बाचं नव्हतं.

"ते माह्यं अक्षर हाय, ताई," घनश्यामभाऊ म्हणाले. "बसा तुम्ही. सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं. चार पावसाळ्यांपूर्वी ते गस्तीच्या झोपडीत पुस्तक घेऊन राहिले होते, आणि रात्रभर छत गळलं. छापील पानं वाळली. बाने शाईच्या पेनाने लिहिलं होतं, ते सगळं फुटलं. त्यांनी ती पानं उन्हात ठेवली तर कागदाचा चुरा झाला. मग त्यांनी आठवून आठवून नवी लिहिली. त्यांनी पुस्तक सहा वेळा वाचलं होतं.

"मग हे बानं लिहिलेलंच आहे?"

"तसंच लिवत होतो. पन एका जागी येऊन थांबलो, ताई. दोन दिवस थांबलो. अन् मंग बदललं."

"काय बदललं?"

"तुम्हाले बत्तीघराचा कायदा माहीत असनच."

माहीत होता. उतरणारा प्रत्येक जण खिडकीत आपला पितळी बिल्ला देतो आणि टोपीची बत्ती घेतो. पाळी सुटली की बत्ती परत आपल्या खुंटीवर, बिल्ला परत. पाळी सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी खिडकी बंद. बत्ती नाही म्हणजे उतरायचं नाही, म्हणजे त्या दिवसाची हाजरी नाही. बाची खिडकी सेकंदावर बंद व्हायची, हे अख्ख्या खाणीला ठाऊक होतं.

"पूनमभाऊच्या लिवण्यात तो सोम उशिरा येते," घनश्यामभाऊ म्हणाले. "खिडकी लागून गेली राहते. बत्तीवाला त्याचा बापच राहते. पोट्टं काहीच म्हनत नाही, निस्तं उभं राहते, तोंड सुजेल, डोळे लाल. बापाले वाटते, या महिन्यात याच्या दोन हाजऱ्या गेल्या हायेत. मंग तो खिडकी उघडते. साऱ्या जिंदगीत एकच डाव उघडते. पाळी सुटल्यावर साऱ्या बत्त्या वापस येतेत, एक खुंटी खाली राहते. मंग चार पानं त्या खुंटीवरच होती, ताई. दुसरं काहीच नाही."

बाने धाडलं नव्हतं. बाने खिडकी उघडली होती.

"मले काय माहीत होतं का हे खरं हाय म्हनून," ते पुढे म्हणाले. "मले वाटलं, गोष्ट हाय. पन लिवताना त्याच्या हातून ती बत्ती देववेच ना. मंग मी खिडकी बंदच ठेवली. पोट्टं शिव्या देत घरी जाते. झालं. अन् मंग वाटलं, आपन दुसऱ्याच्या लिवलेल्याची खराबी केली. म्हनून घेऊन गेलतो तुमच्या तांड्यावर, भाऊपाशी."

"बानं वाचलं?"

"माह्यासमोर वाचलं. सोळाच्या सोळा पानं. दोनदा. मी म्हनलं, भाऊ, माफ करजा, तुम्ही म्हनसान तर जसंच्या तसं लिवतो. तर ते उठले, दाभन अन् दोरा घेऊन आले अन् सोताच शिवाले बसले. म्हने, अक्षर चांगलं हाय तुमचं."

"आणखी काही?"

"नाही. च्या पाजला."

यादीत त्यांच्या नावाखाली पुढचं नाव लिहिलेलं होतं, जया आडे, महागाव. ती तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. पण बाचा नेम मोडून पुस्तक तेव्हापासून त्यांच्याकडेच होतं, तिला द्यायचं राहूनच गेलं होतं. मी पोचवते म्हणाले आणि ते घरी आणलं.

याडी अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. तिने विचारलं, "काय लिवलं होतं त्यानं?" अकरा वर्षांत बाविषयी तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. आम्ही घरी गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, बोलतो, इथे मी तिचं बोलणं जमेल तसं मराठीत लिहिते आहे.

मी सगळं सांगितलं. खिडकी, लाल डोळे, दोन हाजऱ्या, खुंटी. ती हात न थांबवता ऐकत होती.

"त्याले उशीर काहून झाला, हे लिवलं होतं का?"

"नाही."

"त्याले कसं माहीत असनार. तो पहाटेच गेलता." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी उठोलं नव्हतं लखनले. रोज मीच उठवत होती. त्या दिवशी अंग तापलं होतं त्याचं. उठोलं असतं तर ऐकलाच नसता, गेलाच असता. म्हनून झोपू देल्लं. म्हनलं, जाईन उशिरा, खिडकी बंद भेटन, येईन वापस. तुह्या बानं त्याच्या सख्ख्या भावालेबी बत्ती देल्ली नव्हती एकडाव. मले भरोसा होता."

मग म्हणाली, "साऱ्यायले कायदा अन् आपल्याच लेकराले तेवढा मोडला."

"हे तू बाला सांगितलंस कधी?"

"कायले सांगू. त्यानं मले सांगतलं का?"

म्हणजे एकाच घरात एकीने उशीर मनात ठेवला होता आणि एकाने खिडकी, आणि दोघांनी चार वर्षं समोरासमोर जेवून एकमेकांजवळ त्याचा शब्द काढला नव्हता. मी पुष्कळ वाचते. लोकांच्या घरात काय चाललं असेल हे मला पुस्तकांतून कळतं असा माझा समज होता. माझ्या घरातलं मला काहीच कळलं नव्हतं.

"वाच," याडी म्हणाली.

"ते बाचं नाही. त्या गार्डने बदललेलं आहे."

"जे हाय ते वाच."

मी एकशे पंचेचाळीसपासून वाचलं. बत्तीवाला घड्याळ बघतो आणि खिडकी लावून घेतो. सोम काच बडवतो, बापाला नाही नाही ते बोलतो. बाप पाठ फिरवून बत्त्या पुसत राहतो. सोम तिथूनच मागे फिरतो, घरी जातो, कुणाशी न बोलता भिंतीकडे तोंड करून झोपतो. सोळावं पान तिथे संपतं.

याडीचे हात थांबले होते. "मंग? जेवला का तो?"

"ते लिहिलेलं नाही."

"उपाशीच झोपला?"

"पान संपलं तिथं, याडी."

"त्या गार्डाले लेकरं नसतीन," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप हलवायला लागली.

अमावस्या चार दिवसांवर आली तेव्हा मी जयाला फोन केला. ती ड्यूटी संपवून स्कूटीवर आली. ओसरीत उभ्या उभ्याच तिने पुस्तक चाळलं आणि मधल्या शिवलेल्या पानांशी थांबली. "दवाखान्यात एका पेशंटनी सांगितलं होतं मला याच्याबद्दल. ताई, ही पानं तुमच्या बाबांच्या हातची आहेत ना?"

मी तोंड उघडलं. अक्षर कुणाचं, बदललं कोणी, आधी काय होतं, हे कुठून सुरू करावं ते सुचेना.

"हो," आतून याडी म्हणाली. "त्यानंच लिवलं हाय. खिडकी बंदच ठेवली होती त्यानं."

जयाने पुस्तक पिशवीत ठेवलं.