मारेनच्या गाडीचा ब्रेक

आत शिरण्याआधी मी चारही बाबागाड्यांचे ब्रेक पायाने दाबून पाहिले. माझा, नान्नाचा, सोफीचा आणि मारेनचा. पोरं नाकापर्यंत दुलया घेऊन झोपली होती. आमच्याकडे तान्ही मुलं दिवसा गाडीतच, बाहेर मोकळ्यावर झोपवतात. ऑक्टोबरची गार हवा, म्हणजे दोन तास तरी कुणी उठणार नव्हतं.

"झाली तपासणी?" मारेन म्हणाली. "ग्री, बाबागाडी आहे ती, जहाज नाही. नांगर टाकायचा राहिला असेल तर टाकून घे."

नान्ना हसली. मीही हसले. आम्ही चौघी जूनमध्ये बाळंत झालो. नगरपालिकेच्या परिचारिकेनं आमचा गट जुळवून दिला, तेव्हापासून दर बुधवारी भेटतो. या बुधवारी आऱ्हूसच्या बंदरावरच्या नव्या इमारती बघायच्या होत्या. दाखवणार होत्या बोदिल, निवृत्त वास्तुविशारद, नान्नाच्या मावशी. ही पांढरी, हिमनगासारखी टोकं काढलेली इमारत यादीत पहिली होती. आठव्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला घर बघायला बोलावलं होतं.

"मी थांबते खाली," मी म्हटलं.

"मागच्या बुधवारीही खालीच होतीस," मारेन म्हणाली. "गाड्यांत मॉनिटर आहेत ना, कुणी रडलं तर वर ऐकू येईल. चल."

मी गेले.

दारात सगळ्यांनी बूट काढले. घर लख्ख होतं, तीन बाजूंनी समुद्र. बोदिल सांगत होत्या, की मागच्या घरांनाही पाणी दिसावं म्हणून छपरं अशी तिरपी कापली आहेत; बाल्कनीच्या काचा खाली गडद निळ्या आणि वर जाताना फिकट होतात. मी एका कानानं ऐकत होते. दुसरा कान मॉनिटरकडे होता. माझ्या मॉनिटरवर माझ्या एबाचा श्वास नीट येत होता. मारेनचा मॉनिटर ओट्यावर पडला होता, त्यातून नुसती वाऱ्याची घरघर.

"स्वयंपाकघरात खणांना एकही मूठ नाही, बघितलंत?" गृहस्थ अभिमानानं म्हणाले. त्यांनी खणावर बोट दाबलं. टक्. खण बाहेर आला. पुन्हा दाबलं. टक्. खण आत गेला. "एकदा दाबलं की उघडतो, परत दाबलं की बंद. नातवंडं दिवसभर हेच करतात."

सगळ्या हसल्या. मी माझ्या पायाकडे पाहिलं.

माझ्या गाडीचा ब्रेक दाबला की लागतो, आणि सोडवायला पाय खाली घालून उचलावा लागतो. लागलेला ब्रेक पुन्हा दाबला तर काहीच होत नाही, पाय दगडावर पडल्यासारखा वाटतो. नान्नाचा तसाच होता. सोफीचाही. मारेनचा मात्र वाजला होता. टक्. आणि तो आवाज ऐकून मला बरं वाटलं होतं.

मारेन खण उघडझाप करून बघत होती. सांगावं का? पण खात्री कुठे होती? मागच्या महिन्यात तापाच्या भीतीनं मी सगळ्यांना कॅफेतून उठवलं होतं, आणि एबाला फक्त दुलई जास्त झाली होती. मी बाल्कनीत गेले. खाली वाकून पाहिलं. गाड्या आमच्या सरळ खाली होत्या, खालच्या बाल्कनीच्या कठड्याआड. दिसत होती ती फक्त राखाडी फरशी, आणि त्यापुढे पाणी.

मी वाट बघत राहिले. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. मग कठड्याआडून एक चाक बाहेर आलं. थांबलं. वारा आला आणि मारेनची हिरवी बाबागाडी सबंध बाहेर आली.

लिफ्ट तळमजल्यावर होती. मी जिना धरला, पायात नुसते मोजे. दोनदा घसरले, गुडघा आपटला. मागून मारेनची हाक आली, "काय झालं? ग्री, काय झालं?" मी थांबले नाही.

बाहेर आले तेव्हा गाडी पाण्याच्या कडेला पोचली होती. धक्क्याच्या काठाला वीतभर उंचीचा लाकडी ओंडका होता, त्याला पुढची चाकं टेकली होती. पण गाडीचा टप वर उभा होता आणि शिडात भरावा तसा त्यात वारा भरत होता. प्रत्येक झोताबरोबर मागची चाकं जमिनीवरून उचलली जात होती. बोटभर. मग चार बोटं.

मी दांडा धरला आणि गाडी मागे ओढली. इतकी मागे, की भिंतीला जाऊन थडकले. मारेनचा बेर्टिल झोपला होता. एक हातमोजा तेवढा निघाला होता.

मारेन आली, तीही मोज्यांवर. तिनं आधी त्याच्या गालाला हात लावला, मग कपाळाला, मग पुन्हा गालाला.

"मी ब्रेक लावायला विसरले," ती म्हणाली. "मीच विसरले. कशी आई आहे मी."

नान्ना आणि सोफी अजून जिन्यात होत्या. गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं.

"तू लावला होतास," मी म्हटलं. "मी परत दाबला. तुझा परत दाबला की सुटतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पायानं ब्रेक दाबला. टक्. पुन्हा दाबला. टक्.

"तुला कधी कळलं?"

"वर. खण बघताना."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्ही हसला असतात."

तिनं निघालेला हातमोजा बेर्टिलच्या हातात चढवला. "हो," ती म्हणाली. "मी तर हसलेच असते."

बाकीच्या आमचे बूट हातात घेऊन आल्या. बोदिलनी विचारलं, पुढची इमारत बघायची का. मारेन म्हणाली, तुम्ही जा, ग्री आणि मी खाली थांबतो. त्या गेल्यावर तिनं टप खाली केला आणि बाकीच्या तीन गाड्यांकडे मान हलवली.

"त्यांचे ब्रेक बघून ये."

"तू बघ," मी म्हटलं. "मी ही गाडी धरते."

तिनं दांडा लगेच सोडला नाही.