मागचे केस

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी माझ्यापुढे कात्री धरली. "मागचे केस काप. उद्या तुकडीचा वर्धापनदिन, पदक लावून जायचंय."

मी बघतच राहिले. बाबांच्या पाठीमागे कुणी उभं राहायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. त्यांची खुर्ची कायम भिंतीला टेकलेली. न्हाव्याकडे ते कधी गेले नाहीत; दोन आरसे समोरासमोर धरून स्वतःच कापायचे.

"हात थरथरतो हल्ली," ते म्हणाले.

"म्हणे लढाऊ विमान उडवलं," आई आतून म्हणाली, "आणि कात्री झेपेना!"

"तू गप गं. तुझ्या हाती दिली तर कान जाईल."

मी मागे गेले. त्यांची मान ताठरली. पहिली बट खाली पडली आणि ते बोलू लागले. पदकाचीच गोष्ट, पण सभेत सांगायचे ती नव्हे.

"शत्रूच्या त्या वैमानिकानं मागे बघितलंच नाही. मांडीवरचा नकाशा बघत असावा. इतका जवळ होतो, की हेल्मेटखालची मान दिसत होती. मी बटण दाबलं. काच आतून लाल झाली. मग विमान फुटलं आणि त्याचा हात माझ्या पंखावर येऊन आदळला. हातमोज्यासकट. उतरल्यावर मेकॅनिकनं पाइप लावून पंख धुतला. मला खांद्यावर घेऊन नाचले सगळे."

"बाबा, हलू नका."

"कोवळी मान होती गं."

दुसऱ्या दिवशी गणवेशाची बटणं लावता लावता ते कोसळले. उठलेच नाहीत.

शोकसभेत तुकडीप्रमुख म्हणाले, "आकाशात सर वाघ होते, घरात मात्र लोणी. ताई सांगतीलच."

मी उठले. उजव्या हातानं डावं मनगट कधी धरलं, कळलं नाही. पहिल्या रांगेतल्या आईला कळलं. तिनं डोळ्यांनीच 'नको' म्हटलं.

सात वर्षांची असताना मी दबकत मागून जाऊन बाबांचे डोळे झाकले होते. त्यांनी मला डोक्यावरून टेबलावर आपटलं, छातीवर गुडघा रोवला, मनगट पिळलं. हाड मोडल्याचा आवाज झाला तेव्हा ते भानावर आले. दवाखान्यात आई म्हणाली, जिन्यावरून पडली. पुढे शाळेत तेच, शेजारी तेच, माझ्या नवऱ्यालाही तेच. बाबांनी मला परत कधी जवळ घेतलं नाही.

सभागृहाचं दार आपटलं. शेवटच्या रांगेतल्या एका तरुण वैमानिकाची मान झटक्यात मागे वळली, मूठ आवळली गेली. त्याच्या मांडीवर त्याची लेक पेंगत होती.

मी माइक जवळ ओढला.

"मी जिन्यावरून पडले नव्हते," मी म्हणाले. "बाबांनी आपटलं मला. मी त्यांच्या मागे उभी होते."