कुणी हलायचं नाही

"पाच मिनिटं कुणी जागेवरून हलायचं नाही हं," पाहुण्यांना खुर्ची देत हर्षद हसत म्हणाला, आणि अस्मिताचं डोकं तिथेच सणकलं.

दोघं पवईत एकत्र शिकलेले. अंधेरीतली ही कंपनी हर्षदची. वायरलेस संच मात्र अस्मिताने तीन वर्षं राबून उभा केलेला. एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी बोलणारा आणि ऐकणारा. अडचण अशी, की संचाचा स्वतःचाच सिग्नल त्याच्या कानात धडाडतो आणि लांबचं बोलणं बुडून जातं. म्हणून आपण पाठवलेलं ऐकलेल्यातून वजा करायचं. पण तो सिग्नल भिंतींवर, माणसांवर आपटूनही परत येतो. माणूस हलला की वजाबाकी चुकते. ती सतत जुळवत राहणारा प्रोग्राम अस्मिताचा. कधीकधी तो दोन सेकंद अडखळायचा, म्हणून हर्षदने तिला न विचारता कालच तो बंद केला होता.

"डेमो आहे यार, कोण बघतंय?" सकाळी तो एवढंच म्हणाला होता.

पाहुणे शिवदास बोगद्यांच्या कामावर सुरक्षा बघायचे. गच्चीवर उभ्या असलेल्या त्यांच्या सहकारी सपनाशी ते हँडसेटवरून बोलू लागले. दोघं एकदम बोलत होते, तरी शब्दन्‌शब्द स्वच्छ.

"बोगद्यातही अस्संच चालेल," हर्षद म्हणाला.

अस्मिता ताडकन उठली आणि थेट संचाच्या अँटेनासमोर जाऊन उभी राहिली. कर्र आवाज झाला. सपनाचा आवाज गायब.

"अस्मिता, खाली बस!"

"का बसू? दरड कोसळल्यावर यांच्या माणसांनाही सांगणारेस का रे, हलू नका म्हणून?"

शिवदासांनी हँडसेट खाली ठेवला. हर्षदकडे न बघता त्यांनी तिलाच विचारलं, "यावर काही इलाज?"

"आहे. दोन सेकंद अडखळतो, पण सावरतो. यानेच बंद केलाय."

"मग तोच दाखवायचा होता." ते उठले. "महिन्याने येईन. चालत चालत बोलणार आहे मी."

लिफ्टचं दार लागताच हर्षद ओरडला, "वाट लावलीस! उद्यापासून येऊ नकोस."

"लेखी दे. तोवर माझ्या प्रोग्रामला हात लावायचा नाही."

तो पाय आपटत केबिनमध्ये गेला. लेखी काही आलं नाही. अस्मिताने खुर्ची ओढली, प्रोग्राम पुन्हा चालू केला, आणि ते दोन सेकंद नेमके कुठे जातात ते ती शोधायला लागली.