उसना मूळपुरुष

मालगुजारी, म्हंजे जमीनदारी, गेली त्या साली आमच्या गावात ज्याले त्याले मालगुजाराचा पनतू व्हाची घाई झाली. मंग आमचा बुढा, माहा नवरा, काऊन मागं राहीन? दरसाल सौंदडचा उदाराम भाट येत जाय, ओसरीवर बसून कुळाची कथा गात जाय. आमची कथा लहान. बुढ्याचा आजा कोठून तरी आला, दुसऱ्याच्या तलावाच्या पाळीवर माती वाहिली, अन् येथंच राहिला. बस, खतम.

बुढ्याले त्याची लाज वाटे. माती वाहनं काय चोरी आहे? पन त्यानं भाटाले घरची दुभती म्हैस देली अन् मूळपुरुष बदलून घेतला. आता आमी राजासंगं बनारसहून आलेल्या, तलाव बांधनाऱ्या हिरू पाटलाचे वंशज. बुढा मिशीले पीळ देत ऐके, गावभर सांगे. मी म्हनलं, "दूध गेलं अन् आजा आला. आता त्यालेच दोहाल का?" तो हासला नाही.

मंग शामकलेची सोयरीक जुळली. एकच पोरगी आमची. पोरगा नागऱ्याच्या केवलरामचा. तेथच्या जत्रेत दोघांनी एकमेकाले पाहिलं होतं, तेव्हापासून पोरगी धानाचं रोवनं करता करता एकटीच हासे.

साक्षगंधाले, म्हंजे साखरपुड्याले, आमच्याकडून उदाराम बसला होता, पन रीतीपरमानं पोराकडचा भाट पहिले गायला. त्यांचा मूळपुरुष, हिरू पाटील. आमचं सारं गाव बुढ्याकडे पाहाले लागलं. एका कुळात लग्न म्हंजे बहीनभावाचं लग्न.

केवलराम म्हने, "बकारामजी, खरं सांगजा. तुमचंही कुळ हेच का?"

नाही म्हनलं असतं तं काम झालं असतं. शामकला दाराआडून बापाच्या तोंडाकडे पाहून राहिली होती.

"हो," बुढा म्हने. "हेच."

मले राहावलं नाही. चारचौघांत पुढं आली, म्हनलं, "खोटं आहे. म्हैस देऊन घेतला तो मूळपुरुष. विचारा या आमच्या भाटाले."

उदाराम खाली पाहून राहिला होता.

"पोरीच्या लग्नासाठी माय काहीही बोलते," बुढा म्हने. मंडळीले ते पटलं. नागऱ्याचे लोक उठून गेले.

साक्षगंध मोडलेली पोरगी कोन करते? शेवटी बालाघाटकडच्या एका लेकरवाल्या बिजवराले देली. निघताना ती साऱ्यांच्या पाया पडली, शेजारनीच्याही. बापासमोरून तशीच गेली.

आशीर्वादाले उचललेला हात घेऊन बुढा उभा राहिला. गाडी दिसेनाशी झाली तरी तसाच. मी त्याले घरात चला म्हनलं नाही.